शंभरात दोन : कल्पित जगांतील दुर्मिळ जमातींविषयी

साहित्याला वाहिलेल्या या त्रैमासिकात एका खेळाच्या नियमपुस्तकांचा परामर्श घ्यावा काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. तो आम्हांलाही पडला होता. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या एका सभासदांच्या घरी जे पाहिले, त्यानंतर या विषयाकडे पाठ फिरवणे आम्हांला योग्य वाटेना. महाविद्यालयात शिकणारी चार मुले दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत एका टेबलाभोवती बसून होती. पुढ्यात फासे, पेन्सिली आणि हाताने काढलेला एक नकाशा होता. त्यावरचे डोंगर, नद्या, राज्ये, देवस्थाने सारे त्यांनीच रचलेले. कागदांच्या चळतीत एक तक्ताही होता. या जगात कोणकोणत्या जमाती आहेत, खेळाडूने त्यांपैकी कोणती घ्यावी आणि त्यांतली प्रत्येक किती दुर्मिळ, हे त्यात नोंदले होते. शेवटच्या रकान्यात शेकडेवारी. तक्ता रचणाऱ्या मुलाला आम्ही सहज विचारले, "ही शंभरात दोन असणारी मंडळी राहतात कुठे?" तो थोडा गोंधळला आणि म्हणाला, "आजोबा, ते अजून ठरवलं नाही. दुर्मिळ आहेत, एवढंच."

हे 'एवढंच' आमच्या मनात राहिले. पिढ्यान्‌पिढ्या शंभरात दोन म्हणून जगलेल्या कुटुंबातला मुलगा आपल्या कल्पनेतील शंभरात दोनांना घर द्यायला विसरतो, हे आम्हांला चुटपुट लावून गेले. मग आम्ही त्याच्याकडची पुस्तके मागून घेतली आणि वाचली. त्या वाचनाचा हा वृत्तान्त आहे.

ज्या खेळाच्या धर्तीवर या मुलांनी आपले जग उभारले, तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. यात एक जण सूत्रधार होतो. तो जग सांगतो, प्रसंग उभा करतो आणि वाटेत भेटणारी सारी इतर पात्रे वठवतो. उरलेले खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते काय करते, काय बोलते, ते सांगतात. यश-अपयशाचा निवाडा फासे करतात. शेवटी कोणी जिंकत नाही. कथा पुढे सरकते. सूत्रधाराने छापील जग वापरावे किंवा घरी स्वतःचे रचावे. कीर्तनकाराला आख्यान निवडण्याची मोकळीक असते तशीच ही मोकळीक. फरक इतकाच की येथे श्रोतेही आख्यानात शिरतात. जेथे आख्यान आहे तेथे समीक्षेला मज्जाव नसावा.

आता जमातींकडे वळू. १९७४ च्या पहिल्या पुस्तकात मानवाखेरीज तीन जमाती होत्या : डोंगराच्या पोटात राहणारे बुटके ड्वार्फ, दीर्घायुषी वनवासी एल्फ आणि ठेंगणे, घरकोंबडे हॉबिट. हॉबिट हे नाव उघडच जे. आर. आर. टॉल्किन यांचे होते. हक्कदारांच्या हरकतीनंतर ते बदलून 'हाफलिंग' झाले. या तिन्ही जमातींना प्रगतीची मर्यादा घातलेली होती. योद्धा म्हणून ड्वार्फ सहाव्या पायरीपर्यंत चढे, हॉबिट चौथीपर्यंत. मानवाला मर्यादा नव्हती. गंमत अशी की त्याच पुस्तकात खेळाडूने हवे ते पात्र घ्यावे, अगदी ड्रॅगनसुद्धा व्हावे, फक्त लहान पिल्लापासून सुरुवात करावी, अशीही मुभा होती. म्हणजे अंगण सर्वांना मोकळे, पण माडीचा जिना एकट्या मानवासाठी.

१९७८ च्या सुधारित खेळाडू-पुस्तकात नोम, अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क यांची भर पडली. मर्यादांचा तक्ता विस्तारला आणि कोणती जमात कोणाकडे प्रेमाने, सहनशीलतेने किंवा द्वेषाने पाहते, याचाही एक तक्ता आला. गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधार-पुस्तकात मानवकेंद्री जगाची बाजू मांडली आहे. खेळणारे सारे मानव आहेत, त्यांना मानवी समाजच ठाऊक आहे, तेव्हा इतरांचे जग आतून भरून काढणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. या प्रामाणिकपणाचा आम्ही आदर करतो. तथापि त्यांनी योजलेला उपाय मात्र फसवा होता. एल्फ हजाराहून अधिक वर्षे जगतो. त्या हजार वर्षांत त्याला जे साधत नाही, ते चाळिशीतल्या मानवाला साधते, याचे कारण त्या जगात कोठेच सापडत नाही. सर्वांनी एल्फ होऊ नये म्हणून घातलेली ती जकात होती. एल्फांविषयी ती काही सांगत नाही. शिवाय ती वसूल व्हायची ती पात्र मोठे झाल्यावर, पुष्कळ बैठकी उलटल्यावर. तोवर टेबलाभोवती एल्फांची गर्दी होऊन गेलेली असे.

२००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीने या मर्यादा काढून टाकल्या आणि मानवाला काही जादा गुण देऊन तोल सांभाळला. त्याच आवृत्तीच्या सूत्रधार-पुस्तकात लोकसंख्येचा एक तक्ता आहे. आमच्या मते या साऱ्या वाङ्मयातील तो सर्वांत विचारप्रवर्तक कागद होय, जरी तो रचणाऱ्यांनी त्याचा फारसा विचार केलेला दिसत नाही. गावांचे तीन प्रकार त्यात सांगितले आहेत. एकलकोंड्या गावात शंभरांत शहाण्णव मानव. मिश्र गावात एकोणऐंशी मानव, नऊ हाफलिंग, पाच एल्फ, तीन ड्वार्फ, दोन नोम, एक अर्ध-एल्फ आणि एक अर्ध-ऑर्क. तिसऱ्या, पूर्ण मिसळलेल्या गावात मानव सदतीस, आणि अर्ध-एल्फ व अर्ध-ऑर्क अनुक्रमे पाच व तीन. आमच्या तरुण मित्राचा तक्ता याच वळणाचा होता.

या आकड्यांना जरा घरात घेऊन पाहू. मिश्र प्रकारचे, दोन हजार वस्तीचे एक गाव घ्या. त्यात १५८० मानव, १८० हाफलिंग, १०० एल्फ, ६० ड्वार्फ, ४० नोम, २० अर्ध-एल्फ आणि २० अर्ध-ऑर्क होतील. चाळीस नोम म्हणजे पाच-पाच माणसांची आठ घरे. आठ घरे म्हटली की एक बोळ डोळ्यांपुढे येतो. त्या बोळातील सारी घरे दोन पिढ्यांत एकमेकांची सोयरी होतात. तिसऱ्या पिढीत मुलीसाठी स्थळ पाहायचे तर दुसऱ्या गावी जावे लागते. दुसऱ्या गावी जायचे तर तेथे कोणाची किती घरे, कोणाचा मुलगा कोणत्या धंद्यात, हे ठाऊक असणारे कोणी वडीलधारे हवे. मग पत्रे आली, निरोपे आले, वर्षाकाठी एखादी जत्रा आली, जेथे चार गावचे नोम भेटतात आणि खरेदीच्या मिषाने मुलेमुली पाहतात. बोळात नोमांची बोली चालते, पण बाजारात मानवांची. आणि बाजारातली क्रियापदे हळूहळू स्वयंपाकघरात शिरतात. हे सगळे 'दोन' या एका आकड्यातून निघते. पुस्तकात आकडा आहे, बोळ नाही.

आता अर्ध-ऑर्कांचे वीस घ्या. चाळीस आणि वीस यांत केवळ निम्म्याचा फरक आहे, असे वरवर दिसते. वस्तुतः हे दोन वेगळेच प्रकार आहेत. नोमांची आठ घरे हा समाज आहे. वीस अर्ध-ऑर्क हा समाज असेलच असे नाही. ती वीस वेगवेगळ्या घरांत जन्मलेली वीस एकटी माणसेही असू शकतील. त्याच गावातील वीस अर्ध-एल्फांची गोष्ट आणखी निराळी. त्यांना एका बाजूला शंभर एल्फ आणि दुसऱ्या बाजूला दीड हजारांवर मानव आहेत. भांडले तरी दोन्हींकडे काका-मामा आहेत. अर्ध-ऑर्कांचे तसे नाही. त्या तक्त्यात ऑर्कांना रकानाच नाही. या वीस जणांच्या वंशाची एक बाजू गावाच्या हिशेबातच नाही. येथे एक कादंबरी दडलेली आहे, पण पुस्तक शेकडेवारीची बेरीज शंभर भरली म्हणून पुढे जाते.

आणखी एक पायरी चढू. अशी पाचशे गावे मिळून दहा लाख वस्तीचे एक राज्य कल्पा. त्यात नोम वीस हजार. ते पाचशे गावांत चाळीस-चाळीस असे विखुरलेले असतील, तर वर वर्णिलेला बोळ पाचशे ठिकाणी दिसेल. पण तेच वीस हजार एका खोऱ्यात एकवटले असतील, तर तेथे त्यांची पंचायत असेल, त्यांचे कायदे असतील, तेथे जाणारा मानवच परका ठरेल आणि त्याला नोमांची बोली शिकावी लागेल. दोन्ही राज्यांच्या तक्त्यात 'नोम : शंभरात दोन' असेच लिहिले जाईल. आकडा एकच, आयुष्ये दोन. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे, की कल्पित जगातील दुर्मिळता ही संख्या नव्हे. ती वस्तीची रीत आहे. किती आहेत याआधी कसे पसरले आहेत, हे विचारले पाहिजे.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेली घरे, धार-देवासला पवारांच्या आश्रयाने राहिलेली, ग्वाल्हेरला शिंद्यांबरोबर गेलेली, बडोद्यास गायकवाडांच्या चाकरीत रुजलेली, या सर्वांनी स्थळे पाहताना हा नकाशा पाठ केलेला आहे. कोणत्या गावी कोणाची किती घरे, हे सांगणारी एक तरी आत्याबाई प्रत्येक घराण्यात होती. तिच्या तोंडी जी माहिती होती, ती कोणत्याही तक्त्यात मावणारी नव्हती.

दुर्मिळतेला कारण असले पाहिजे, हे आमचे दुसरे म्हणणे. थोर कल्पित जगांत ते असतेच. टॉल्किन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात ड्वार्फांविषयी एक साधी गोष्ट सांगितली आहे : त्यांच्यात स्त्रिया एकतृतीयांशाहून अधिक नसाव्यात. या एका वाक्याने त्यांची संथ वाढ, त्यांची वंशावळींबद्दलची दक्षता आणि घराणे बुडण्याची भीती, सारे उलगडते. याच ग्रंथात वृक्षरूप एन्टांच्या स्त्रिया हरवल्या आहेत, म्हणून त्यांच्यात नवी पोरे जन्मत नाहीत. दुर्मिळ म्हणजे येथे दुःखी. आणि त्या दुःखाला हरवलेल्या स्त्रियांच्या शोधाचा चेहरा आहे.

या खेळाच्या स्वतःच्या परंपरेतही असे एक जग आहे. प्रकाशकांनी २००२ साली नवे जग सुचवण्यासाठी खुली स्पर्धा घेतली. तीत कीथ बेकर यांचे 'एबेरॉन' निवडले गेले आणि २००४ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील कलाश्तार ही जमात पाहण्याजोगी आहे. स्वप्नलोकातून पळालेल्या सदुसष्ट आत्म्यांनी अदार नावाच्या डोंगराळ देशातील सदुसष्ट संन्याशांशी ऐक्य साधले. आजचे सारे कलाश्तार त्यांचे वंशज. म्हणजे कुळे सदुसष्टच. अडुसष्टावे कधी होणार नाही. त्याच जगात युद्धासाठी घडवलेली, लाकूड-धातूची 'वॉरफोर्ज्ड' माणसे आहेत. युद्ध संपले, तहाने त्यांना स्वतंत्र व्यक्ती म्हणून मान्यता दिली आणि त्याच तहाने त्यांची निर्मितीही बंद केली. खेळाची कथा सुरू होते तेव्हा या तहाला दोन वर्षे झालेली आहेत. त्यांना मुले होत नाहीत. स्वातंत्र्य आणि वंशखंड एकाच कागदावर सहीनिशी आले. येथे टक्केवारी सांगण्याची गरजच उरत नाही, कारण प्रत्येक वॉरफोर्ज्डला आपण मोजके का आहोत, हे ठाऊक आहे आणि ते ठाऊक असणे हाच त्याचा स्वभाव आहे.

याच्या शेजारी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे खेळाडू-पुस्तक ठेवून पाहावे. त्यात ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग आणि मानव या चार जमाती सर्वत्र आढळणाऱ्या. आणि ड्रॅगनबॉर्न, नोम, अर्ध-एल्फ, अर्ध-ऑर्क व टीफलिंग या पाच असाधारण, अशी विभागणी आहे. मोठ्या नगरांत या पाचांकडे कोणी वळून पाहत नाही. खेड्यांत मात्र लोक बिचकतात, असा इशारा देऊन कोणाला पाहून खेडूत काय समजतील, हे थोडक्यात सुचवले आहे. इशारा चांगला आहे, कारण दुर्मिळता ही पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते, एवढे तरी तो मान्य करतो. पण तो पहिल्या दिवशीच थांबतो. खेड्यात टीफलिंग शिरला, लोकांनी दारे लावली, पुढे काय? दुसऱ्या वर्षी? दुसऱ्या पिढीत? शिंगे असलेल्या त्या माणसाने गावात दुकान टाकले, त्याच्या नातवाने गावच्या यात्रेत वर्गणी दिली, आणि तरीही कोणी पाहुणा आला की त्यालाच विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" हे या पुस्तकांत आम्हांला आढळले नाही. एल्फाच्या बाबतीत तर हा प्रश्न किती विपरीत होईल पाहा. विचारणाऱ्याचा पणजोबा जन्मला नव्हता तेव्हापासून तो एल्फ त्या गावात राहतो आहे. गावातला सर्वांत जुना रहिवासी तोच, आणि परकाही तोच.

आमच्या मते या साऱ्या वाङ्मयाची खरी उणीव येथे आहे. त्याला भटका ठाऊक आहे, निर्वासित ठाऊक आहे, शेवटचा वंशज तर फारच आवडतो. स्थायिक झालेला अल्पसंख्य त्याला क्वचितच दिसतो. जो पळून आला नाही, हद्दपार झाला नाही, ज्याच्या मागे सूडाची कथा नाही. जो कधीकाळी कोणाच्या चाकरीत आला, राहिला, आणि दोनशे वर्षांनी यजमानांची भाषा अंगणात व आपली देवघरात बोलतो, असा माणूस या टेबलावर कोणी घेत नाही. कदाचित त्याच्या आयुष्यात साहस नाही, असे वाटत असेल. साहस आहे, ते रोजचे असल्यामुळे दिसत नाही, इतकेच.

अर्ध्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्याकडे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण घटोत्कचाचे. भीम आणि हिडिंबेचा हा पुत्र पांडवांच्या स्मरणासरशी येतो, वनवासात थकलेल्या द्रौपदीला वाहून नेतो, आणि अखेर रात्रीच्या युद्धात अर्जुनासाठी राखून ठेवलेली कर्णाची शक्ती आपल्या छातीवर घेतो. तो उपयोगाच्या वेळी आपला असतो. त्याच्या मृत्यूने अर्जुन वाचला म्हणून कृष्णाला आनंद होतो, हा प्रसंग महाभारताने लपवलेला नाही. त्यामुळे वाचकाला घटोत्कचाच्या बाजूने उभे राहता येते. २०१४ च्या पुस्तकातही अर्ध-एल्फांना स्वतःचा देश नाही आणि दोन्हीकडचे असून ते कोणाचेच नाहीत, हे जाणवेल असे वर्णन आहे.

२०२४ साली नवे खेळाडू-पुस्तक आले. 'रेस' हा शब्द गेला, त्याजागी 'स्पीशीज' आला. जमातीवरून बळ किंवा बुद्धीचे गुण ठरण्याची पद्धत गेली. दहा जमाती अकारविल्हे एका रांगेत बसल्या. त्यांत ऑर्क आहे, पण अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क यांना स्वतंत्र जागा नाही. जुन्या पुस्तकांतील अर्धे घेण्याची मुभा खेळाडूंना आहे. या बदलांमागचा हेतू आम्हांला समजतो. रक्तावरून स्वभाव ठरवणे वाईटच, आणि कोणालाही 'अर्धा' म्हणणे हा संस्कार नव्हे. ऑर्काला अखेर स्वतःचा रकाना मिळाला, हेही चांगलेच झाले. तथापि नाव काढल्याने नाते मिटत नाही. दोन जमाती एका गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या, तर दोहोंकडची माणसे जन्मणारच. त्यांना कोणत्या रकान्यात लिहावे, हा प्रश्न तक्त्याने टाळला तरी गाव टाळू शकत नाही. अपमानकारक शब्द काढताना त्या शब्दाखाली राहणाऱ्यांचे घर काढले जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता या सर्वांवर एक बिनतोड वाटणारा आक्षेप आहे, आणि तो आमच्या तरुण मित्रानेच घेतला. तो म्हणाला, "पण आजोबा, खेळायला बसल्यावर सगळ्यांना वेगळंच व्हायचं असतं. मानव कोण होणार?" खरे आहे. जगात शंभरात दोन असलेले टेबलाभोवती चारांत चार असतात. हा या खेळाचा मूळ विरोध आहे आणि पन्नास वर्षांत तो सुटलेला नाही. कोणी सूत्रधार दुर्मिळ जमातींना बंदी करतात, कोणी एकालाच परवानगी देतात, कोणी फासे टाकून जमात ठरवतात. आम्हांला यांतला एकही उपाय पटत नाही. वेगळे व्हावेसे वाटणे हा तारुण्याचा हक्क आहे. परगावच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने आठवड्यातून एक संध्याकाळ शिंगे लावून बसावे, यात आम्हांला काही गैर दिसत नाही. अडचण वेगळेपणाच्या हौसेत नाही. ते फुकट मिळते, यात आहे. नियमांनी त्याची किंमत कधी पायऱ्या कापून घेतली, कधी खेडुतांच्या संशयातून. खरी किंमत नात्यांची असते आणि ती घेतली तर खेळ कमी होत नाही, वाढतो.

म्हणून बंदीऐवजी आम्ही तीन प्रश्न सुचवतो. दुर्मिळ जमातीचे पात्र घेणाऱ्याने खेळापूर्वी त्यांची उत्तरे द्यावीत. तुझ्या जमातीचे सर्वांत जवळचे घर किती दिवसांच्या वाटेवर आहे? तुझ्या घरी कोणती बोली बोलतात आणि तीतला कोणता शब्द तू विसरला आहेस? या गावात तुला लहानपणापासून ओळखणारा परजातीय कोण? एवढे सांगितले की शंभरात दोन हा आकडा माणूस होतो. ज्याला ही उत्तरे द्यायची नसतील, त्याने खुशाल मानव व्हावे. त्यालाही तिसरा प्रश्न विचारता येईल.

हा लेख लिहिताना आम्हांला स्वतःचीही एक झाडाझडती घ्यावी लागली. आमच्या संस्थेचा वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे एकाच वाक्याने सुरू होतो : शहरातील मराठी कुटुंबांची संख्या अमुक. ती घटली की आम्ही हळहळतो, नोकरीनिमित्त नवी मंडळी आली आणि ती वाढली की समाधान मानतो. नव्याने आलेल्यांची आणि जुन्यांची ओळख झाली काय, गणेशोत्सवानंतर ते एकमेकांच्या दारी गेले काय, आमच्या मुलांचे शेजारचे मित्र आमच्या घरी कोणत्या भाषेत बोलतात, हे आम्ही अहवालात कधी लिहिले नाही. संख्या हीच संस्कृती, असे आम्ही धरून चाललो. आणि संख्या थोडी म्हणून आपण काही विशेष आहोत, असा एक सूक्ष्म अभिमानही बाळगला. दुर्मिळ असण्याचे भूषण मिरवणे आणि दुर्मिळ असण्याची जबाबदारी निभावणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या मुलाच्या तक्त्यात जो दोष आम्हांला दिसला, तो आमच्याच वहीतून तेथे गेला असेल, तर आश्चर्य नाही.

महिन्याभराने त्या घरी पुन्हा जाणे झाले. तक्ता बदललेला होता. शेकडेवारी तशीच होती, पण तिच्या पुढे 'वस्ती' असा नवा रकाना आखला होता. नोमांपुढे लिहिले होते : नदीवेशीच्या आत, कुंभारांच्या मागे, आठ घरे, मुली दोन दिवसांच्या वाटेवर दिलेल्या. ड्रॅगनबॉर्नपुढचा रकाना रिकामा होता. विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, "त्यांचं नाही ठरवणार. ते घेणाऱ्यानं ठरवायचं." हे आमच्या सूचनेत नव्हते, पण आम्हांला ते अधिक योग्य वाटले. आपले घर कोठे आहे, हे शेवटी ज्याचे त्याने सांगावे. सूत्रधाराने त्यासाठी कागदावर जागा मोकळी ठेवावी, आणि विचारण्यास विसरू नये.